४१ अंश, तरीही लाट नाही: छत्रपती संभाजीनगरचे हवामान समजून घेताना

उन्हाळ्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला एक कोडे हमखास पडते. मुंबईत पारा ३८ अंशांवर गेला म्हणून उष्णतेच्या लाटेचा इशारा दिल्याची बातमी पहिल्या पानावर असते आणि त्याच अंकाच्या आतल्या पानावर, तापमानाच्या चौकटीत, छत्रपती संभाजीनगरपुढे ४१ हा आकडा कोणत्याही इशाऱ्याविना निमूटपणे छापलेला असतो. तीन अंश जास्त असूनही या शहरात लाट नाही आणि मुंबईत आहे, हे कसे? वेरूळ, अजिंठा, दौलताबाद आणि बीबी का मकबरा पाहण्यासाठी या शहरात येणाऱ्या पर्यटकाचाही असाच गोंधळ उडतो. पाठ्यपुस्तकात ‘उष्णकटिबंधीय’ हा शब्द वाचलेला असल्यामुळे तो दमट, घामट, धो-धो पावसाचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून निघतो आणि येथे उतरल्यावर त्याचे ओठ फुटतात.

या शहराचे हवामान केवळ तापमानाच्या आकड्यावरून कळत नाही. हवेत पाणी किती आहे, हे त्या आकड्याच्या जोडीला पाहिले तरच ते उलगडते.

लाट कशाला म्हणतात?

भारतीय हवामान विभागाच्या भाषेत ‘उष्णतेची लाट’ म्हणजे नुसते खूप ऊन नव्हे; त्या ठिकाणच्या नेहमीच्या उन्हापेक्षा बरेच जास्त ऊन. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश झाल्याशिवाय लाटेचा विचारच होत नाही. तो उंबरठा ओलांडल्यावर पाहिले जाते ते सरासरीपासूनचे अंतर. सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश अधिक असेल तर लाट, आणि त्याहूनही अधिक असेल तर तीव्र लाट. पारा ४५ अंशांवर गेला तर मात्र सरासरी कितीही असो, लाट मानली जाते. शिवाय हवामान विभागाच्या एका उपविभागात, म्हणजे आपल्या बाबतीत मराठवाड्यात, किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती असावी लागते.

मुंबईत उन्हाळ्यातील कमाल तापमानाची सरासरी ३३ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे ३८ अंश ही तेथे मोठी उडी ठरते. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्याच्या मध्यात सरासरीच चाळिशीजवळ असते. ज्या घरात रोजच तिखट जेवण होते, तेथे एखादी मिरची जास्त पडली म्हणून कोणी दचकत नाही. याचा अर्थ ४१ अंश निरुपद्रवी आहेत असा मुळीच नाही; लाटेची व्याख्या ‘नेहमीपेक्षा वेगळे काय घडले’ एवढेच सांगते, ‘अंगाला काय सोसावे लागेल’ हे सांगत नाही.

येथे एक आक्षेप नेहमी येतो: ‘हवामान खाते ४१ म्हणते, पण माझ्या गाडीत तर ४६ दाखवत होते.’ दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. हवामान केंद्रातील तापमापी पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत, जमिनीपासून माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान मोजतो. गाडीतला तापमापी तापलेल्या डांबराच्या आणि पत्र्याच्या सान्निध्यात असतो. पर्यटक मात्र सावलीच्या पेटीत हिंडत नाही, त्यामुळे कैलास लेण्याच्या प्रांगणात दुपारी दीड वाजता उभ्या असलेल्या माणसाने अधिकृत आकड्यात आपल्या मनाने थोडी भर घालावी हे बरे.

सूर्य डोक्यावर दोनदा येतो, मग उन्हाळा एकदाच का?

विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला साडेतेवीस अंशांपर्यंतचा पट्टा म्हणजे उष्णकटिबंध. या पट्ट्यातील प्रत्येक ठिकाणी वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. छत्रपती संभाजीनगर १९.९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे येथे ते दिवस मे महिन्यात १९-२० तारखेच्या आणि जुलैमध्ये २३-२४ तारखेच्या सुमारास येतात.

दोन्ही वेळी सूर्य सारखाच डोक्यावर असतो, तरीही मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो आणि जुलैच्या अखेरीस तो तिशीच्या आसपास रेंगाळतो. ढगांची सावली हे एक कारण आहेच, पण दुसरे कारण जमिनीतील ओल हे आहे. ओले फडके उन्हात टाकले तर ते वाळेपर्यंत गरम होत नाही, कारण उन्हाची बरीचशी शक्ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. मे महिन्यातील काळी जमीन भेगाळलेली, कोरडी असते, म्हणून सगळे ऊन तिला तापवण्याच्याच कामी येते. जुलैमध्ये तीच जमीन ओली असते. ऑक्टोबरमध्ये ढग हटतात, ओल उतरणीला लागते आणि काही दिवस पुन्हा उकाडा जाणवतो, त्याला आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो.

समुद्र दूर असण्याचा परिणाम

पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. मुंबईच्या दाराशी अरबी समुद्र असल्याने तेथे मे महिन्यात दिवसाचे ३३-३४ आणि रात्रीचे २७ अंश, एवढाच फरक असतो. छत्रपती संभाजीनगरात एप्रिलच्या दुपारी ३८-३९ अंश असतात, तर पहाटे २३-२४. म्हणजे चोवीस तासांत सुमारे पंधरा अंशांची घसरण. हवेतील बाष्प रात्री पांघरुणासारखे काम करते आणि जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरते. कोरड्या हवेला ते पांघरूण नसते. म्हणूनच या शहरात उन्हाळ्यातही गच्चीवर झोपण्याची पद्धत होती, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा मुंबईहून अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आलेले पाहुणे पहाटे चहाच्या टपरीवर ग्लास दोन्ही हातांत धरून उभे राहिलेले दिसतात.

आता घरातला माठ आठवून पाहा. माठातले पाणी गार का होते? माठाच्या सच्छिद्र अंगातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी वेगाने उडते आणि माठ तितका गार. कूलर हा विजेवर चालणारा माठच आहे: ओल्या जाळीतून गरम हवा ओढायची आणि वाफ होण्यात तिची उष्णता खर्ची घालायची. मात्र हवा अशा रीतीने किती गार होऊ शकते, याला मर्यादा आहे. तापमापीच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला तर पारा जेथे येऊन थांबेल, ती ही मर्यादा. शास्त्रज्ञ तिला ‘वेट बल्ब तापमान’ म्हणतात.

आकडे घालून पाहू. ४० अंशांची दुपार आणि सतरा टक्के आर्द्रता असेल, आणि एप्रिल-मेमध्ये येथे ती इतकी कमी होते, तर वेट बल्ब तापमान साधारण २१ अंश येते, आणि चांगला कूलर खोलीत २५ अंशांच्या आसपासची हवा फेकू शकतो. मुंबईत ३३ अंश आणि अडुसष्ट टक्के आर्द्रता असेल तर तेच तापमान सुमारे २८ अंश येते. तेथे तो कूलर आपले सारे बळ लावूनही हवा २९ अंशांच्या खाली नेऊ शकत नाही, वर खोली दमट करून ठेवतो. मराठवाड्यात आणि विदर्भात मार्च लागला की माळ्यावरचा कूलर खाली येतो, त्याच्या जाळ्या बदलल्या जातात, आणि मुंबईत तो फारसा दिसत नाही, यामागचे गणित एवढेच.

मग कोरडे चाळीस अंश सोसवतात का?

माणसाचे अंग हाही एक माठच आहे. घाम वाळतो तेव्हा आपण गार होतो. या हिशेबाने सावलीत, स्वस्थ बसलेल्या आणि पुरेसे पाणी पिणाऱ्या माणसाला छत्रपती संभाजीनगरचे ४० अंश मुंबईच्या चिकट ३३ अंशांइतके नकोसे वाटत नाहीत. हे वाचून कोणी दुपारी दौलताबादचा किल्ला चढायला निघू नये, कारण कोरड्या उन्हाचा धोका वेगळा असतो आणि तो फसवा असतो. घाम निघताक्षणी वाळतो, त्यामुळे आपण किती पाणी गमावले हे कळतच नाही. शर्ट कोरडाच असतो, कपाळ कोरडेच असते, आणि डोके दुखू लागते तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. वारा त्याहून गरम असेल तर तो घाम वाळवतो खरा, पण त्याच वेळी अंगाला उष्णताही देतो. दुचाकीवरून जाणारी माणसे उन्हाळ्यात डोक्याला आणि तोंडाला पांढरे उपरणे किंवा ओढणी गुंडाळतात, ते केवळ धुळीसाठी नव्हे.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे ते थंड हवे असेही कोणी म्हणतात. उंची वाढते तसे तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे या शहराच्या वाट्याला साडेतीन-चार अंशांची सूट येते. समुद्रापासूनचे अंतर आणि कोरडी जमीन ती सूट मे महिन्यात पुरती खाऊन टाकतात. रात्री आणि हिवाळ्यात मात्र ती स्पष्ट जाणवते.

घाटावर पिळून निघालेली हवा

जून ते सप्टेंबर या काळात अरबी समुद्रावरून येणारी बाष्पाने भरलेली हवा सह्याद्रीला धडकते आणि वर चढते. वर चढताना ती निवते, आणि निवलेली हवा पूर्वीइतके बाष्प सांभाळू शकत नाही, म्हणून पाऊस पडतो. इगतपुरीला वर्षात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो तो असा. ओले कापड पिळावे तशी ही हवा घाटावर पिळून निघते आणि पूर्वेकडे उतरताना पुन्हा तापून अधिकच कोरडी होते. डोंगराच्या मागच्या या प्रदेशाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगर त्याच छायेत आहे आणि येथे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील मोठा वाटा, विशेषतः सप्टेंबरमधील जोरदार पाऊस, बंगालच्या उपसागरात तयार होऊन विदर्भमार्गे सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. म्हणून या शहराचा पाऊस पश्चिमेकडे बघून ओळखता येत नाही. पूर्वेकडेही पाहावे लागते.

सातशे मिलिमीटर म्हणजे कमी कसा, असा प्रश्न येथे योग्यच आहे. लंडनमध्ये वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ते शहर हिरवेगार असते. उत्तर घरखर्चाच्या वहीत आहे. पाऊस ही मिळकत आणि बाष्पीभवन हा खर्च. लंडनचे आकाश ढगाळ, हवा गार आणि पाऊस बाराही महिने थोडाथोडा, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. येथे सगळी मिळकत चार महिन्यांत येते आणि ऊन वर्षभरात दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाणी उडवून नेण्याची ताकद बाळगून असते. जगभरच्या हवामानांचे वर्गीकरण करणारे व्लादिमीर कोपेन यांनी नेमका हाच हिशेब केला. त्यांच्या पद्धतीत, पाऊस मुख्यतः वर्षाच्या उष्ण अर्ध्यात पडत असेल तर वार्षिक सरासरी तापमानाला वीसने गुणून त्यात २८० मिळवायचे. येथील सरासरी सुमारे २६ अंश धरली तर उत्तर ८०० येते. पाऊस मिलिमीटरमध्ये या आकड्यापेक्षा कमी, पण त्याच्या निम्म्याहून अधिक असेल तर हवामान निमशुष्क ठरते. म्हणजे हे शहर नकाशावर उष्णकटिबंधात आहे, पण या वर्गीकरणात त्याची जागा दमट उष्णकटिबंधीय शहरांच्या रांगेत नाही.

पावसाळ्यात येऊ नये, हा समज

या समजाइतके या शहराच्या पर्यटनाचे नुकसान दुसऱ्या कशाने झाले नसेल, असे माझे मत आहे. पावसाळा म्हटला की मुंबई-कोकणची माणसे आपला पावसाळा डोळ्यांसमोर आणतात. येथे किमान अडीच मिलिमीटर पाऊस झालेले दिवस वर्षाकाठी चाळीस-पंचेचाळीस असतात. ऑगस्टमध्ये दुपारी २९ आणि रात्री २१ अंश असतात, मधूनच सर येते आणि जाते. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा याच दिवसांत वाहतो आणि अजिंठ्याची वाघूर नदीकाठची दरी, जी एप्रिलमध्ये भाजल्यासारखी तपकिरी असते, ती हिरवी होते. पावसात खंड पडणे हे शेतकऱ्याच्या दृष्टीने संकट असते आणि पर्यटकाला त्याच दिवसांत चांगली हवा मिळते, ही विसंगती मनाला खटकते हे खरे. पण हवामान तसेच आहे.

मार्च ते मे या काळातील वळवाचा पाऊस वेगळा. दिवसभर तापलेली जमीन हवा वर ढकलते, त्या हवेला कोठून तरी ओल मिळाली की दुपारी चारनंतर उंचच उंच ढग उभे राहतात, धूळ उडते, वीज कडाडते आणि कधी गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने राज्यातील रब्बी पिके आणि फळबागा झोडपून काढल्या होत्या. अशा वेळी किल्ल्याच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये.

लेण्यांचे स्वतःचे हवामान

अजिंठ्याच्या चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे बाहेर काढावी लागतात. मे महिन्यात दुपारी बाहेरच्या काळ्या दगडावर अनवाणी पाऊल टेकवले की ते आपोआप उचलले जाते. लोक टाचांवर नाचत उंबरठा गाठतात. आणि आत दोन पावले टाकल्यावर तोच दगड पायाला गार लागतो. खडक एकच, बेसॉल्ट. फरक आहे तो खोलीचा. खडकातून उष्णता इतकी हळू सरकते की दिवसभराच्या उन्हाची झळ जेमतेम हातभर आत मुरते, तोवर रात्र होते आणि पृष्ठभाग निवू लागतो. उन्हाळा-हिवाळ्यातला फरकही काही मीटरच्या पलीकडे पोहोचत नाही. म्हणून डोंगराच्या पोटातील खडक वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाला, त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, असतो.

ही स्थिरता चित्रांना मानवली. तेथील चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत, आणि त्या मातीत भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. अशी माती ओल शोषून फुगते आणि वाळली की आकसते. ओलीमुळे बुरशी आणि किडेही येतात. पावसाळ्यातील झिरपा आणि गर्दीच्या श्वासातील बाष्प यांचा धोका तेथे उन्हापेक्षा मोठा आहे, म्हणून एका वेळी आत जाणाऱ्यांच्या संख्येवर बंधन असते. रांगेत उभे राहावे लागल्यावर चिडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. (आणि अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद असते, हेही.)

शहराचे पाणी दुसरीकडच्या आभाळातून

सातशे मिलिमीटर पावसावर लाखो लोकांचे शहर तगत नाही. त्याला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून. या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागर भरतो तो गोदावरी आणि तिच्या उपनद्यांनी नाशिक-अहिल्यानगरकडून आणलेल्या पाण्याने. म्हणजे त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या घाटमाथ्यावर काय पडले, यावर दोनशे किलोमीटरवरच्या शहराचा उन्हाळा ठरतो. ऑगस्टमध्ये छत्रपती संभाजीनगरात ऊन असते आणि तरीही लोक धरणाच्या टक्केवारीची बातमी आनंदाने वाचतात, ती यामुळे. वरच्या धरणांतून खाली किती पाणी सोडायचे, हा वादही याच भूगोलातून येतो.

पाणी धरणात पोहोचले तरी ते सगळे हाती लागत नाही. नाथसागर पसरट आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा विस्तार सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर होतो. एवढ्या पृष्ठभागावरून एक सेंटिमीटर पाणी जरी उडाले तरी ते ३५० कोटी लिटर भरते. उरलेले पाणी शंभर मीटरहून अधिक उंच चढवून शहरात आणावे लागते. नळाला रोज पाणी न येण्यामागे नियोजनाचे दोष आहेतच, ते हवामानाच्या माथी मारता येणार नाहीत. पण चढ आणि बाष्पीभवन ही दोन ओझी कोणत्याही नियोजनाला उचलावीच लागतील.

यापुढे हे ओझे हलके होण्याची चिन्हे नाहीत. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या २०२० मधील अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले. हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो जोराने पडतो आणि पडत नाही तेव्हा जमीन अधिक वेगाने सुकते.

बाष्पीभवनाचा हा हिशेब सतराव्या शतकात मलिक अंबरने ओळखला होता. खडकी या नावाने शहर वसवताना त्याने पाणी उघड्या कालव्यातून आणले नाही. जमिनीखालून ‘नहर-ए-अंबरी’ काढली. पुढे अशाच भूमिगत नळांतून पाणचक्कीला पाणी आले. पाणचक्कीच्या हौदाखाली आजही एक दालन आहे, ज्याचे छत म्हणजे वरच्या हौदाचा तळ. यात्रेकरू उन्हाळ्यात तेथे विसावत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता या शहरात कोठे जावे असे कोणी विचारले, तर मी त्या दालनाचे नाव घेईन आणि वेरूळसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघायला सांगेन.